ॲडव्हेंचर मोटारसायकल : सामानजोडणी आणि प्रवासी फेरबदल (नागपूर परिसर)

ॲडव्हेंचर मोटारसायकलीवर दूरच्या प्रवासासाठी सामान वाहण्याची सोय बसवणे आणि त्या वाढीव भाराला अनुसरून गाडीचे सस्पेन्शन, चाके, दिवे, विजेची जोडणी व संरक्षक भाग यांत फेरबदल करणे, ही परस्परांवर अवलंबून असलेली दोन कामे या विषयात येतात. डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींवर चालावी म्हणून उंच बांध्याची, खड्डे पचवण्यासाठी चाकांना वरखाली होण्यास भरपूर वाव असलेली आणि पुढे मोठे चाक असलेली मोटारसायकल म्हणजे ॲडव्हेंचर मोटारसायकल. बीएमडब्ल्यू कंपनीच्या १९८० सालच्या आर८०जी/एस या गाडीपासून हा वर्ग जगात रूढ झाला. भारतात तो सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आला तो मार्च २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची ४११ सीसी क्षमतेची हिमालयन बाजारात आल्यावर. पुढे हिरोची एक्सपल्स २०० (२०१९), चाकणच्या बजाज कारखान्यात तयार होणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर (२०२०), सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स (२०२२) आणि ४५२ सीसीची नवी हिमालयन (२०२३) यांनी तो विस्तारला.

मोटारसायकलीच्या दोन्ही बाजूंना ओझे लटकवण्याची पद्धत मात्र भारतात या गाड्यांच्या कितीतरी आधीची आहे. राजदूत किंवा तत्सम दणकट गाडीच्या मागच्या भागाला लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा जोडून त्यावर दुधाचे कॅन अडकवणाऱ्या दूधविक्रेत्यांनी आणि त्यांना तो सांगाडा घडवून देणाऱ्या वेल्डरांनी आज कंपन्यांच्या पुस्तिकांत छापली जाणारी मूलतत्त्वे व्यवहारातून पक्की केली होती : भार दोन्ही बाजूंना सारखा असावा, तो चाकाच्या आसाच्या शक्य तितका जवळ व खाली असावा, आणि त्याचा ताण मडगार्डावर न येता चौकटीवर यावा. या कारागिरीची नोंद आधुनिक सामानजोडणीच्या इतिहासात सहसा घेतली जात नाही. ती घेतली जायला हवी.

नागपूरची भौगोलिक परिस्थिती. श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि सुरतेकडून पूर्वेला ओडिशाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ हे नागपुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे देशाच्या चारही दिशांना निघणाऱ्या मोटारसायकलस्वारांसाठी हे शहर स्वाभाविक आरंभस्थान आणि मुक्कामाचे ठिकाण ठरते. मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग (नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला) दुचाकींसाठी बंद असल्याने पश्चिमेचा प्रवास अमरावती–अकोला किंवा वर्धा–यवतमाळ–नांदेड या जुन्या वाटांनीच करावा लागतो. त्या वाटांवर गावे, बैलगाड्या, गतिरोधक आणि वळणे असल्यामुळे ताशी ६० ते ८० किलोमीटर हाच व्यवहारातला वेग राहतो. म्हणून उंच काच किंवा वाऱ्याला तोंड देणारी आवरणे यांच्यापेक्षा भक्कम कॅरिअर, नीट बसवलेले सस्पेन्शन आणि चांगले टायर यांवर केलेला खर्च येथील स्वाराला अधिक उपयोगी पडतो. जवळचे प्रवास प्रामुख्याने मेळघाट–चिखलदरा, सावनेर–सौंसर–छिंदवाडा मार्गे पचमढी, पेंच, नवेगाव–नागझिरा आणि गडचिरोलीमार्गे भामरागड–हेमलकसा या दिशांना होतात. उन्हाळ्यात ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणारे तापमान, पावसाळ्यातली काळी चिकण माती आणि बांबूने दाटलेले जंगलरस्ते यांचा विचार न करता केवळ लडाखच्या प्रवासासाठी ठरवलेली साधने जशीच्या तशी उचलणे विदर्भात फारसे हितावह ठरत नाही.

भाराचे गणित. फेरबदलांची सुरुवात दुकानापासून नव्हे, तर वजनकाट्यापासून व्हायला हवी. प्रत्येक गाडीची एक कमाल वहनक्षमता असते. उत्पादकाने ठरवलेल्या एकूण कमाल वजनातून इंधनासह तयार गाडीचे वजन वजा केले की ती मिळते, आणि स्वार, सहप्रवासी, सांगाडा, पेट्या, हत्यारे, पाणी हे सर्व तिच्यातच मावावे लागते. दोन ॲल्युमिनियमच्या पेट्या व त्यांचा सांगाडा यांचे रिकामे वजन साधारण १५ किलोपर्यंत जाते, तर कापडी सॅडल बॅगा व त्यांचे आधार ६-७ किलोंत बसतात. एक्सपल्ससारख्या दीडशे ते एकशे साठ किलोंच्या गाडीवर रिकाम्या पेट्यांचाच भार गाडीच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा होतो, म्हणजे एकही वस्तू भरण्याआधी गाडीचा स्वभाव बदललेला असतो.

भार किती, याच्याइतकेच तो कुठे, हेही महत्त्वाचे असते. पहिल्या हिमालयनच्या दोन्ही चाकांच्या आसांमधले अंतर १४६५ मिलिमीटर आहे. तिच्या मागच्या आसापलीकडे ३० सेंटिमीटरवर १० किलोची पेटी ठेवली, तर तरफेच्या नियमाने पुढच्या चाकावरून सुमारे २ किलो भार उचलला जातो आणि मागच्या चाकावर १० ऐवजी १२ किलो पडतो. पुढचे चाक असे हलके झाले की वेगात हँडल थरथरू लागते आणि चढावर किंवा सैल गोट्यांवर गाडी दिशा धरेनाशी होते. मागच्या कॅरिअरवर बसणाऱ्या टॉप बॉक्सची वहनमर्यादा बहुतेक उत्पादक १० किलोंच्या आत ठेवतात ती याच कारणाने. तेव्हा हत्यारे, सुटे भाग व पाणी बाजूच्या बॅगांच्या तळाशी व पुढच्या अंगाला, कपडे व झोपण्याची पिशवी मागे वर, आणि कागदपत्रे, कॅमेरा, औषधे पेट्रोलच्या टाकीवर चुंबकाने किंवा पट्ट्यांनी बसणाऱ्या टँक बॅगेत, अशी मांडणी योग्य होय. दोन्ही बाजूंच्या वजनांत एक-दोन किलोंहून जास्त फरक नसावा. सायलेन्सर ज्या बाजूला असतो त्या बाजूची बॅग अधिक बाहेर येते हे लक्षात घेऊन जड वस्तूंची विभागणी करावी लागते.

पेट्या आणि पिशव्या. कडक पेट्यांचे दोन प्रकार आहेत : ॲल्युमिनियमच्या चौकोनी आणि घडीव प्लास्टिकच्या गोलसर. इटलीतील गिवी (स्थापना १९७८) आणि जर्मनीतील टूराटेक व एसडब्ल्यू-मोटेक यांच्या पेट्या भारतात मिळतात; पुण्याची ऑटोलॉगसारखी कंपनी सांगाडे व संरक्षक भाग तयार करते. कापडी प्रकारात बंगळुरूची व्हायाटेरा आणि मुंबईची रायनॉक्स ही नावे स्वारांच्या परिचयाची आहेत. कडक पेटीला कुलूप लागते, ती हॉटेलच्या आवारात निर्धास्तपणे गाडीवरच ठेवता येते आणि मुक्कामी तिचा स्टूल म्हणूनही उपयोग होतो. तिची मोठी उणीव अशी की कच्च्या वाटेवर तोल सावरताना स्वाराने पाय टेकला आणि गाडी पुढे सरकली, तर पाय जमीन व पेटी यांच्यामध्ये सापडून घोट्याला किंवा नडगीला गंभीर इजा होऊ शकते. शिवाय पेट्यांसह गाडीची रुंदी ९० सेंटिमीटर ते १ मीटर होते, म्हणजे हिमालयन ४११ च्या ८४० मिलिमीटर रुंदीच्या हँडलपेक्षाही जास्त. हँडल जिथून गेले तिथून गाडी निघेल, हा स्वाराचा अंदाज नागपूरच्या महाल-इतवारीच्या गल्ल्यांत फसतो. भामरागड किंवा मेळघाटाच्या आतल्या वाटांसाठी म्हणूनच कापडी बॅगा सरस ठरतात. त्या पडल्यावर दबतात पण मोडत नाहीत, आणि फाटल्याच तर मोची शिवून देतो. तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या, जोड न शिवता चिकटवलेल्या पिशव्या पावसात खात्रीच्या असतात. शिवणीच्या बॅगेत आतून जाड प्लास्टिकची पिशवी घालावी. विदर्भातल्या उन्हात रबरी बंजी दोऱ्यांची ताण धरण्याची शक्ती लवकर जाते, म्हणून बक्कल असलेले न ताणणारे पट्टे वापरावेत.

सांगाडा बसवणे. बाजूच्या बॅगांना चाकात जाण्यापासून अडवणाऱ्या नळीच्या चौकटीला सॅडल स्टे म्हणतात. ती किमान तीन ठिकाणी पकडलेली असावी : मागच्या धरपट्टीच्या जागी, सहप्रवाशाच्या फूटरेस्टच्या जोडापाशी, आणि नंबरप्लेटमागून डावी-उजवी बाजू जोडणाऱ्या आडव्या पट्टीने. ही आडवी पट्टी स्वस्त सांगाड्यांत वगळलेली आढळते आणि नेमक्या तिच्याच अभावी खड्ड्यांत दोन्ही बाजू स्वतंत्रपणे हलून जोडांना चिरा जातात. एक सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या कंपनांनी बोल्ट सैल होत असल्यामुळे नायलॉनचे कडे असलेले नट किंवा आट्यांवर लावायचा चिकटद्रव वापरतात आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा कसतात. स्थानिक वेल्डरकडून सांगाडा करून घेण्यात कमीपणा काहीच नाही, किंबहुना तो गाडीच्या मापाने बसतो; परंतु गाडीवरच वेल्डिंग करण्याची वेळ आली तर बॅटरीची जोडणी आधी काढावी, कारण एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ गाड्यांतील इंधन सोडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वेल्डिंगच्या प्रवाहाने निकामी होऊ शकते. शक्यतो चौकटीला वेल्डिंग करूच नये, नट-बोल्टचाच जोड ठेवावा.

भारानंतरची जुळवणी. सामान चढले की मागचे सस्पेन्शन दबते, पुढचा दिवा वर पाहू लागतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. मागच्या स्प्रिंगेला आधीच देऊन ठेवलेल्या दाबाला प्रीलोड म्हणतात. स्वार व सामान यांसह गाडी तिच्या एकूण सस्पेन्शन-पल्ल्याच्या साधारण एक तृतीयांश दबेल इतका प्रीलोड ठेवणे हा सर्वमान्य नियम आहे. हिमालयन ४११ च्या मागच्या १८० मिलिमीटर पल्ल्यात हे दबणे सुमारे ६० मिलिमीटर भरते. त्यानंतर दिव्याचा कोन व चेनचा झोल पुन्हा तपासावा, आणि टायरमधली हवा सहप्रवाशासह चालवण्यासाठी पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना, म्हणजे उन्हाळ्यात पहाटेच भरावी. पुढच्या मोठ्या तारेच्या चाकांत बहुधा ट्यूब असते, त्यामुळे टायर उघडण्याचे लिव्हर, सुटी ट्यूब, ठिगळे आणि पंप ही अल्लापल्लीच्या पुढे जाणाऱ्याची अनिवार्य सामग्री समजावी.

काळ्या मातीचा प्रश्न स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. यवतमाळ-वर्धा भागातली ओली माती टायर आणि त्याला लगटून असलेले खालचे मडगार्ड यांच्यामध्ये भरत जाते, आणि काही मीटरांत चाक फिरायचे थांबते. उंचावर चोचीसारखे मडगार्ड असलेल्या गाड्या तेथे सुटतात. द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनांच्या रेडिएटरवर हीच माती वाळली की हवा अडते आणि इंजिन तापते, म्हणून रेडिएटरला जाळी बसवावी व रोज संध्याकाळी ती कमी दाबाच्या पाण्याने धुवावी. साइड स्टँडचे टोक मातीत रुतून भरलेली गाडी आडवी होऊ नये यासाठी त्याखाली रुंद पट्टी जोडणे हा अत्यल्प खर्चाचा पण मोठ्या उपयोगाचा बदल आहे. इंजिनाखाली दगड अडवणारी बॅश प्लेट आणि बांबूच्या फांद्यांपासून बोटे व ब्रेकची तरफ वाचवणारे हँडगार्डही उपयुक्त होत. पुढे पेट्रोलचे जादा कॅन मात्र विदर्भात क्वचितच लागतात, कारण १५ लिटरच्या टाकीवर हिमालयन ४११ चारशे किलोमीटरांच्या आसपास जाते आणि भामरागडचे एका बाजूचे अंतर त्यात बसते.

वीज व दिवे. १२ व्होल्टच्या यंत्रणेवर २० वॉटचे दोन जादा दिवे सुमारे ३.३ अँपिअर प्रवाह घेतात. हा प्रवाह हँडलवरच्या बटणातून न नेता रिलेमधून, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विद्युत-चुंबकीय कळीतून न्यावा आणि बॅटरीजवळ ५ अँपिअरचा फ्यूज ठेवावा. मूळ वायरी कापून जोड देणे हे रस्त्यात बंद पडणाऱ्या गाड्यांमागचे टाळता येण्याजोगे कारण आहे.

कायदेशीर मर्यादा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ कठोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नट-बोल्टने बसणारी, काढता येणारी सामानाची साधने सहसा या कक्षेत धरली जात नाहीत. इंजिन किंवा चौकट यांतले बदल धरले जातात. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२३ नुसार मागचे चाक किमान अर्धे झाकणारे संरक्षक आवरण आवश्यक असल्याने साडी गार्ड काढून तेथे सॅडल स्टे बसवताना ही अट पाळली जाते की नाही, ते पाहावे. याच नियमातील २०२० च्या सुधारणेने ५५० मिलिमीटर लांब, ५१० मिलिमीटर रुंद व ५०० मिलिमीटर उंच अशा मर्यादेतील हलकी पेटी मान्य केली : ती सहप्रवाशाच्या जागी असेल तर फक्त चालक बसू शकतो, त्या जागेच्या मागे असेल तर दोघे. नियम १११ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून समोर प्रखर झोताचा दिवा लावता येत नाही, आणि नंबरप्लेट सामानाने झाकली जाणे हाही दंडनीय प्रकार आहे. बसवलेल्या साधनांची माहिती विमा कंपनीला देऊन ती विमापत्रात नोंदवून घ्यावी.

नागपूरहून हिमालयाकडे जाणारे अनेक स्वार दिल्ली किंवा जम्मूपर्यंत गाडी रेल्वेच्या पार्सलने पाठवतात. त्या वेळी टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, पेट्या व टँक बॅग काढून स्वतंत्र न्याव्या लागतात आणि गाडी गोणपाटात बांधली जाते. सांगाडा तसाच राहू शकतो, परंतु त्याची बाहेर आलेली टोके व आरसे डब्यात चढवताना-उतरवताना प्रथम वाकतात, म्हणून आरसे काढून ठेवतात आणि नळ्यांच्या टोकांना जाड फोम गुंडाळतात.