उदईच्या पाण्यावरचे दिवे

बिलगावच्या पाड्यांवरची म्हातारी माणसं साल आकड्यात सांगत नाहीत. नातू कधी झाला म्हणून विचारलं की "वीज आली त्याच्या आदल्या पावसात" किंवा "वीज बुडाली त्या साली" असं उत्तर येतं. वीज आली ते साल 2003, बुडाली ते 2006. वडील धडगावकडे शिक्षक होते, त्यामुळे या घरांच्या ओट्यावर मी लहानपणापासून बसत आले. आजही मला तिथे "गुरुजींची पोर" म्हणूनच चहा मिळतो. इथे लिहिते आहे ते बहुतेक त्या ओट्यांवर ऐकलेलं.

नंदुरबार जिल्ह्यातला धडगाव तालुका म्हणजे सातपुड्याचा आतला भाग. उदई नदी डोंगरातून उतरत बिलगावाला येते, कड्यावरून धारा-धारांनी कोसळते आणि पुढे नर्मदेला मिळते. पाडे टेकड्यांवर विखुरलेले, भिंती बांबूच्या कुडाच्या. सरकारी विजेचे खांब इथवर पोचलेच नव्हते. रॉकेलच्या चिमणीवर रात्र काढायची, तीही रॉकेल मिळालं तर.

केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे अनिल आणि मधू हे दोन तरुण अभियंते नर्मदा बचाव आंदोलनाच्या माणसांबरोबर खोऱ्यात आले. बिलगावच्या आधी डोमखेडी गावात एका ओढ्यावर त्यांनी थोडे दिवे लागतील एवढा छोटा प्रयोग करून दाखवला होता. बिलगावात पाणीही होतं आणि उंचीही. धबधब्याच्या वर लहानसा बंधारा घालायचा, पाटानं पाणी टाकीत आणायचं, टाकीतून जाड पाइपानं खाली टर्बाइनवर सोडायचं आणि काम झालं की पुन्हा नदीतच. क्षमता 15 किलोवॅट. शहरातल्या एका मोठ्या इमारतीच्या लिफ्टा आणि पंप यांनाच एवढी वीज लागते. इथे तिच्यावर शाळा आणि बारा पाडे उजळायचे होते.

"पाट आम्हाला नवा नव्हता," एक बाबा सांगतात. ते पूर्वी गावच्या पंचांत बसत. ही बढाई नव्हे. नर्मदेच्या दोन्ही तीरांवरचे आदिवासी डोंगराच्या कुशीतून दगडमातीचे पाट काढून ओढ्याचं पाणी दूरच्या शेतात नेत आले आहेत. अलिराजपूरकडच्या भिताडा गावचे पाट तर अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहेत. उतार किती ठेवला म्हणजे पाणी धावेल पण माती खाणार नाही, हे या माणसांना पायांनी कळतं. अभियंत्यांनी मोजमाप आणलं, गावानं हात दिले. घरटी माणसं श्रमदानाला आली. बायांनी डोक्यावरून रेती वाहिली, जवान पोरांनी दगड फोडले, पाइप खांद्यावरून दरीत उतरवले.

दिवे लागले त्या रात्रीबद्दल सगळे बोलतात. मला मात्र पुढची गोष्ट मोठी वाटते. पावसाळ्यात पाटाच्या तोंडाशी लावलेल्या जाळीत पाला, काटक्या, कधी मेलेला खेकडासुद्धा अडकायचा. पाणी कमी पडलं की दिवे मिणमिणायचे. मग पाळीचा पोरगा रात्री कंदील घेऊन चढायचा आणि हातानं जाळी मोकळी करायचा. एका आजीचा मुलगा तेव्हा त्या पाळीत होता. ती सांगते, "बल्ब डोळे मिचकवायला लागला की मी त्याला हलवून उठवायची. वायरमनला अर्ज नाही द्यावा लागला कधी." वीज कुठून येते, का अडते आणि कोण मोकळी करतं, हे त्या घरातल्या सर्वांत लहान पोरालाही ठाऊक होतं. मी शहरात इतकी वर्षं वीज वापरते, पण माझ्या घरात हे कुणालाच ठाऊक नाही.

2004 साली 'स्वदेस' चित्रपट आला. त्या कथेमागे बिलगावच्या प्रयोगाची प्रेरणा होती, असं म्हणतात. चित्रीकरण मात्र वाईजवळ मेणवलीला झालं. पडद्यावर परदेशातून परतलेला एक नायक गावाला जागं करतो. बिलगावात जागं असलेल्या गावानं परक्या पाहुण्यांना कामाला जुंपलं, आणि माझ्या मते खरी कथा हीच आहे.

तिकडे नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची भिंत चढतच होती. 2004 मध्ये 110.64 मीटर, 2006 मध्ये 121.92 मीटर. त्या पावसाळ्यात फुगवट्याचं पाणी उदईत शिरलं आणि वीजघर त्यात गेलं. सरदार सरोवराची स्थापित क्षमता 1450 मेगावॅट आणि त्यातला 27 टक्के वाटा महाराष्ट्राचा. त्या विजेपायी महाराष्ट्राची तेहतीस गावं बाधित झाली, सगळी याच डोंगरातली. म्हणजे विजेसाठीही बांधलेल्या धरणानं लोकांनी स्वतः केलेली वीज बुडवली. 1921 मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हाही मुंबईच्या विजेसाठी त्यांचीच भाताची खाचरं पाण्याखाली जाणार होती. मोठ्या विजेचा हिशेब मांडताना बुडणाऱ्याची बाजू दर वेळी एका ओळीत आटोपते, याचा मला मनापासून राग येतो.

वीजघर बुडालं त्या दिवसांबद्दल बाबा फारसं बोलत नाहीत. पाणी चढताना जे सुटलं ते पोरांनी सोडवून वर आणलं, एवढंच सांगतात. जाळी साफ करणाऱ्या पोरांपैकी काहींनी पुढे वायरिंगची कामं धरली. आता पाड्यांवर सोलरचे दिवे दिसतात. बॅटरी बसली की दुरुस्तीसाठी धडगाव गाठावं लागतं, आणि तो माणूस भेटेलच असं नाही.

गेल्या खेपेला बाबांनी मला बुडिताच्या रेषेच्या वरच्या एका नाल्यापाशी नेलं. नाला बारमाही नाही, पण दिवाळीनंतरही बरेच दिवस वाहतो. त्यांनी काठीनं वरचा खडक दाखवला, मग खालचा. "मधे तीन माणसं उभी राहतील एवढी उंची आहे. तुझ्या ओळखीत मोजणारा कोणी आहे का?" मी आहे म्हणाले. "मग होळीच्या आधी आण. होळीनंतर पोरं कामाला गुजरातेत जातात, हात मिळणार नाहीत."