काच वर केली, आवाज कुठे गेला?

लग्नाचा बस्ता बांधायला आपल्यातल्या काही जणी मुंबईत दादरजवळच्या हिंदमाताला जाऊन आल्या असतील. साड्यांची दुकानं, वर पूल, खाली गाड्यांची रांग आणि हॉर्नचा गोंगाट. आज त्या आवाजाचीच गोष्ट करू.

३१ मार्च १९६४ ला मुंबईतली शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. ट्रामची घंटा आत बसलेल्याला आणि रस्त्यावरच्याला सारखीच ऐकू यायची. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आली. तिच्या खिडक्या उघड्या असायच्या. इंजिनाची घरघर, चालकाच्या गप्पा, फेरीवाल्याची हाक, सगळं एकत्र कानावर पडायचं. हॉर्न वाजवणाऱ्यालाही तो सोसावा लागे.

मग गार हवेच्या गाड्या आल्या. काचा बंद झाल्या. दाराला रबरी पट्ट्या, खाली जाड गालिचा, त्यामुळे बाहेरचा आवाज आत कमी येतो. आत मंद गाणी लागतात. पण हॉर्न तर बाहेरच्या बाजूला! आतल्याला शांतता मिळाली आणि गोंगाट फुटपाथवर बसलेल्या बाईच्या वाट्याला आला. परळचं केईएम रुग्णालय इथून जवळच. तिथल्या आजाऱ्याला काच वर करता येत नाही.

म्हणून मुंबई पोलिसांनी एक प्रयोग केला. हिंदमातासह काही सिग्नलांवर आवाज मोजणारं यंत्र लावलं. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जायचे. वाजवा हॉर्न, थांबा आणखी! २०२० च्या जानेवारीत याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. बसमधल्या निर्दोष बाईलाही थांबावं लागलं असेल, हे खरं. पण गाडीत बसलेल्याला आपल्या आवाजाची किंमत मोजावी लागली.

आपल्या गावात सिग्नल नाही, पण वडापची जीप आहे. गाणी इतकी मोठ्यानं लागतात की मागच्या गाडीचा हॉर्न चालकाला ऐकू येत नाही. मांडीवर तान्हं बाळ असतं, कुणी दवाखान्यात निघालेली असते. आपण गप्प बसतो.

पुढच्या वेळी गप्प बसू नका. "दादा, गाणी जरा बारीक करा," एवढंच म्हणा. एकीला जमलं नाही, तर गटातल्या चौघी मिळून म्हणू. शाळा आणि आरोग्य केंद्रासमोर हॉर्न नको, हा विषय ग्रामसभेतही मांडू. शांतता फक्त काचेआडच्यांची नसते, ती आपलीही आहे.