तलावाचे पाणी आणि आम्लाची बाटली

गेली काही वर्षे आम्ही उभयता उन्हाळ्याचे तीन-चार महिने मुलीकडे, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला काढतो. तिच्या घरामागे पोहण्याचा तलाव आहे. तिकडे ती काही फार मोठी श्रीमंती समजली जात नाही, चार घरांआड एक तलाव दिसतो. मुलगी आणि जावई दोघेही नोकरी करणारे, त्यामुळे आम्ही असेपर्यंत तलावाची देखभाल आपोआप माझ्याकडे येते. पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाच्या ताब्यात पंप आणि फिल्टर दिले, तर तो त्यातूनही इतिहासच उकरणार. आजचा लेख त्या उकरण्यातून निघालेला आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ. तलावाच्या काठाशी, पाण्याच्या पातळीवर एक खिडकीसारखे तोंड असते, त्याला स्किमर म्हणतात. वरवर तरंगणारी पाने, किडे, केस त्यात ओढले जातात आणि आतल्या जाळीच्या टोपलीत अडकतात. तिथून पाणी पंपात, पंपातून वाळू भरलेल्या फिल्टरमध्ये आणि फिल्टरमधून पुन्हा तलावात. पन्नास-साठ हजार लिटर पाणी असे रोज फिरत राहिले पाहिजे. फिरायचे थांबले की फ्लोरिडाच्या उन्हात तीन-चार दिवसांत ते हिरवे पडू लागते.

फिल्टरच्या डोक्यावर दाब दाखवणारे एक घड्याळ असते. बिघाड शोधताना पहिली नजर तिकडे टाकावी. फिल्टर धुतल्यावर काटा कुठे होता ते लिहून ठेवायचे. त्यापेक्षा तो आठ-दहा अंकांनी वर चढला, तर वाळूत घाण साचली आहे, म्हणून पाणी उलटे फिरवून वाळू धुवायची. काटा उलट खाली उतरला, तर दोष फिल्टरमध्ये नसून त्याच्या अलीकडे आहे. स्किमरची टोपली पानांनी भरलेली असते, किंवा तलावाची पातळी उतरून पंप पाण्याबरोबर हवा ओढत असतो, किंवा पंपाच्या झाकणाची रबरी कडी सुकून चिरलेली असते. आपल्याकडे विहिरीवरचा पंप हवा धरतो, तोच प्रकार. ज्याने शेतावर पंप चालवला आहे त्याला हे नव्याने शिकवावे लागत नाही.

यंत्रापेक्षा रसायनांचे गणित नाजूक. क्लोरीन जंतू मारतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण पाण्याचा पीएच साधारण ७.२ ते ७.८ च्या मध्ये असावा लागतो. तो वर गेला की क्लोरीन पाण्यात असूनही त्याची धार बोथट होते. आणखी एक गैरसमज म्हणजे तलावाला उग्र वास येतो तेव्हा क्लोरीन जास्त झाला असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात तो वास घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन बनलेल्या पदार्थांचा असतो, आणि बहुधा क्लोरीन कमी पडल्याची ती खूण असते.

चढलेला पीएच उतरवण्यासाठी जे वापरतात त्याचे दुकानातले नाव म्युरिअॅटिक अॅसिड. म्हणजे आपले हायड्रोक्लोरिक आम्ल. आपल्याकडे फरशी आणि संडास धुवायला बाटलीतून आणतात ते हेच, तिकडे कॅनमध्ये मिळते. पंप चालू ठेवून, तलावात कोणी नसताना, वाऱ्याकडे पाठ करून ते थोडे थोडे ओतायचे. बादलीत पातळ करायचे असेल, तर आधी पाणी आणि मग आम्ल, हा क्रम कधीही उलटा करायचा नाही. तलावाच्या बेताने अर्धा-पाऊण लिटर पुष्कळ होते. पन्नास हजार लिटरमध्ये ते कुठे नाहीसे होते ते कळतही नाही.

मित्रहो, या आम्लाचा एक फोटो इतिहासात आहे, आणि तो जॅक्सनव्हिलपासून तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा गावातला आहे.

सेंट ऑगस्टीन हे स्पॅनिश लोकांनी १५६५ साली वसवलेले गाव. १९६४ च्या उन्हाळ्यात गावाच्या चारशेव्या वर्षाच्या सोहळ्याची तयारी चालली होती, आणि त्याच गावात कृष्णवर्णीयांना उपाहारगृहात, मोटेलात, किनाऱ्यावर मज्जाव होता. मार्टिन ल्यूथर किंग तिथे आले. ११ जूनला मॉन्सन मोटर लॉज नावाच्या मोटेलात जेवायला बसू देण्याची मागणी केली म्हणून त्यांना अटक झाली. १८ जूनला आंदोलकांनी दुसरा मार्ग काढला. काही गोऱ्या कार्यकर्त्यांनी मोटेलात रीतसर खोल्या घेतल्या होत्या. त्यांनी कृष्णवर्णीय सोबत्यांना आपले पाहुणे म्हणून बोलावले आणि सगळे मिळून मोटेलच्या तलावात उतरले. व्यवस्थापक जेम्स ब्रॉक धावत आला आणि त्याने म्युरिअॅटिक अॅसिड तलावात ओतले. पोहणारे भेदरून एकमेकांना धरून उभे आहेत आणि काठावर तो माणूस आम्ल ओततो आहे, हा फोटो जगभर छापला गेला. एक पोलीस पोहणाऱ्यांना पकडण्यासाठी पाण्यात उतरला. अटक झाली ती पोहणाऱ्यांना.

तलावाची देखभाल करणाऱ्याला त्या फोटोत एक गोष्ट लगेच दिसते. एवढ्या पाण्यात एवढ्याशा आम्लाने कोणी भाजणार नव्हते. जे रसायन पाणी पोहण्यायोग्य ठेवण्यासाठी गोदामात आणून ठेवले होते, ते त्या दिवशी माणसांना पाण्याबाहेर काढण्यासाठी ओतले गेले. दुसऱ्याच दिवशी, १९ जूनला, अमेरिकन सिनेटने नागरी हक्क विधेयक ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केले आणि २ जुलैला अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली. पुढची गोष्ट कमी लोकांना माहीत असते. कायदा झाल्यावर ब्रॉकने तो पाळला, कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना आत घेतले, तेव्हा वर्णभेदवाद्यांनी त्याच्याच मोटेलवर पेटते बॉम्ब टाकले.

आता प्रश्न असा की पाण्यावरूनच एवढे रण का माजावे? बसमध्ये शेजारी बसणे, दुकानात जेवणे यापेक्षाही तलाव लोकांना अधिक का झोंबला?

कारण विचारले तर स्वच्छतेचे दिले जाई, ते लोक रोग आणतील. गंमत म्हणजे याच काळात हे कारण शास्त्राने निकालात काढले होते. १९०८ साली जर्सी सिटी शहराच्या पिण्याच्या पाण्यात क्लोरीन कायमचा मिसळायला सुरुवात झाली. १९१० च्या सुमारास ऱ्होड आयलंडमधल्या ब्राऊन विद्यापीठाच्या तलावात तो वापरला गेला. वाळूचा फिल्टर तर त्याहून शंभर वर्षे जुना, स्कॉटलंडमधल्या पेझली गावी १८०४ मध्ये सुरू झालेला. म्हणजे अमेरिकन शहरांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत मोठमोठे सार्वजनिक तलाव बांधले, तेव्हा पाणी निर्जंतुक ठेवण्याची विद्या हातात होती. या विषयाचे इतिहासकार जेफ विल्ट्सी यांनी खरे कारण दाखवून दिले आहे. पूर्वी स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळ्या दिवशी पोहत. या नव्या तलावांत ते एकत्र उतरू लागले, आणि नेमके तेव्हाच उत्तरेकडच्या शहरांतही कृष्णवर्णीयांना हाकलायला सुरुवात झाली. भीती जंतूंची कमी आणि गोऱ्या स्त्रियांजवळ कृष्णवर्णीय पुरुष येतील याची जास्त होती. जून १९४९ मध्ये सेंट लुइस शहराने फेअरग्राउंड पार्कचा तलाव सर्वांना खुला केला, तर पहिल्याच दिवशी कृष्णवर्णीय मुलांना मारहाण होऊन दंगल उसळली.

हे वाचताना मराठी माणसाला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले, तरी अस्पृश्यांना तिथे पाऊल टाकता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यांच्या लोकांना मारहाण झाली आणि नंतर सनातन्यांनी घागरींनी गोमूत्र, शेण, दूध, दही तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ केले. गुरे त्या तळ्यावर पाणी पीत, त्याने ते बाटत नव्हते. खटला दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. मी शाळेच्या सहली महाडला नेत असे, तेव्हा मुलांना हे सांगताना माझा आवाज चढायचा. सेंट ऑगस्टीनची गोष्ट मला तेव्हा सांगता आली असती तर बरे झाले असते. मुलांना कळले असते की हा रोग एका धर्माचा किंवा एका देशाचा नाही.

पण दोन्हींत एक फरक आहे, आणि तो मुलीच्या घरामागच्या तलावापर्यंत येतो. महाडला तळे एकच होते, ते टाकून जायला दुसरीकडे जागा नव्हती. अमेरिकेत होती. तलाव सर्वांना खुले करा असे न्यायालये सांगू लागली, तेव्हा काही शहरांनी तलाव बंद करून टाकले. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहराने तसे केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की तलाव दोन्ही वर्णांना सारखेच बंद आहेत, तेव्हा यात भेदभाव नाही! ज्यांच्याकडे पैसा होता ते खाजगी क्लबांत आणि स्वतःच्या अंगणात पोहू लागले. विल्ट्सी यांनी दिलेल्या आकड्यांप्रमाणे १९५० मध्ये जमिनीत बांधलेला तलाव सुमारे २,५०० अमेरिकन कुटुंबांकडे होता. १९९९ पर्यंत ही संख्या ४० लाखांवर गेली. याला सुबत्ता, उपनगरे, बांधकामाच्या स्वस्त पद्धती अशी इतर कारणेही आहेत. पण त्या काळच्या अनेक नव्या उपनगरांत कृष्णवर्णीयांना घरेच विकली जात नसत, हेही त्याच हिशेबात धरावे लागते.

त्याची किंमत आजही कोणी तरी मोजते आहे. आजोबांना तलावात येऊ दिले नाही, म्हणून ते पोहायला शिकले नाहीत. मग त्यांनी मुलांना पाण्यापासून दूर ठेवले, आणि त्या मुलांनी आपल्या मुलांना. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९९९ ते २०१० या काळातल्या मृत्यूंचा अभ्यास केला. ५ ते १९ वयाच्या कृष्णवर्णीय मुलांचे पोहण्याच्या तलावात बुडून मरण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या ५.५ पट निघाले. कायदा १९६४ मध्ये बदलला, पोहणे मात्र कायद्याने येत नाही.

म्हणून मुलीला मी एक सुचवले, आणि तिने ते मानले. नातीच्या वर्गातली जी मुले पोहू शकत नाहीत, ती शनिवारी सकाळी आमच्याकडे येतात. शिकवणारी बाई रीतसर प्रशिक्षित आहे. माझे काम इतकेच, की शुक्रवारी संध्याकाळी टोपली साफ करायची, काटा बघायचा, पीएच मोजायचा, लागले तर आम्ल घालून रात्रभर पाणी फिरू द्यायचे, आणि कॅन कुलपात ठेवायचा.

वाचकांपैकी कोणी फ्लोरिडाला जाणार असाल, तर डिस्नेच्या कार्यक्रमातून एक दिवस बाजूला काढा आणि सेंट ऑगस्टीनला जा. मॉन्सन मोटेल २००३ मध्ये पाडले, तलावही गेला, तिथे आता मोठे हॉटेल आहे. पण किंग यांना जिथे अटक झाली त्या पायऱ्या राखून ठेवल्या आहेत. फार शोधावे लागत नाही, खाडीच्या काठावरच आहेत.