हल्लीचा पैसा

येलदरीच्या घरी आजीचा एक पितळी डबा होता. झाकण काढलं की आधी तांब्याचा तो हिरवट, दातांवर येणारा वास यायचा, मग नाणी दिसायची. नाणी दोन पुरचुंड्यांत बांधलेली. तांबड्या फडक्यात हाली आणि पांढऱ्या फडक्यात कलदार. दोन्ही बाजारातून उठून कितीतरी वर्षं झाली होती, पण आम्ही पोरांनी खेळताना ती एकत्र केली की आजी चिडायची. "येगयेगळी ठिव बाबा, बट्टा बसतो." ज्या नाण्याला शेंगदाणेसुद्धा मिळत नव्हते त्याला आणखी कसला बट्टा बसणार, हे तेव्हा कळत नव्हतं.

जुनी तांब्याची नाणी जमवणं, निवडणं हा शहरात छंद मानतात. आमच्या भागात ते तांदूळ निवडण्यासारखं घरकाम होतं. जिंतूर तालुका, परभणी जिल्हा म्हणजे निजामाचं राज्य. निजामाचं नाणं वेगळं, टांकसाळ वेगळी. त्या नाण्याचं नाव हाली सिक्का. 'हाल' म्हणजे चालू काळ, म्हणून हाली म्हणजे सध्या चालणारं. आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो ते 'हल्ली' याच घरातलं. इंग्रजांचा रुपया तो कलदार. कल म्हणजे यंत्र, आणि तो यंत्रावर पडायचा, एकसारखा गोल, कडेला दाते असलेला. पुढे हैदराबादेतही यंत्रं आली, 1903 साली टांकसाळ सैफाबादच्या नव्या इमारतीत गेली आणि निजामाचं नाणंही तितकंच रेखीव निघू लागलं. तरी कलदार हे नाव इंग्रजी रुपयाकडेच राहिलं. नावं अशीच चिकटतात.

सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशेब साधारण पक्का. शाळेत न गेलेल्या बायकासुद्धा तो तोंडी करत. त्यांना तो करावाच लागे, कारण वऱ्हाडची हद्द जवळ. वऱ्हाड नावाला निजामाचं, पण 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात आणि 1902 पासून कायमच्या पट्ट्यानं दिलेलं. तिकडे कलदार चालायचा. तिकडच्या बाजारात कापूस विकला तर कलदार हातात यायचा, इकडे सारा भरायचा तर हाली लागायचा. मधे शराफ बसलेला, त्याचा बट्टा. नावाला बट्टा लागतो, तो शब्द मुळात या गादीवरचा. नाणं बदलताना जे कापलं जाई तो बट्टा.

खुर्द्यात तर आणखी गंमत. आणा दोन्हीकडे बारा पैंचा. पण इंग्रजी पैसा तीन पैंचा, म्हणून चार पैशांचा आणा. निजामाचं तांब्याचं नाणं दोन पैंचं, म्हणून सहा नाण्यांचा आणा. शिवाय इंग्रजी अर्धा पैसा दीड पैचा, तीच दिडकी. म्हणजे कनवटीला तांब्याचे पाच-सहा तुकडे असले तर आधी रंग, मग छाप, मग आकार बघून वाटण्या करायच्या आणि मग मीठ-मिरची मागायची. आजीचं बोट नाण्याच्या कडेवरून फिरायचं आणि ती न बघता सांगायची. निजामाच्या नाण्यावर उर्दू अक्षरांची ती वेलबुट्टीसारखी तुघ्रा, आणि इंग्रजी पैशावर राजाचं डोकं. "टकुऱ्याचा पैसा" हा तिचा शब्द.

आता नफ्याचं. तांब्याच्या नाण्याची एक किंमत वर लिहिलेली असते, दुसरी तागडीत असते. मराठीत दोन्हींना मिळून एकच शब्द आहे, मोड. नोट मोडली की मोड येते, आणि जुनं भांडं देऊन नवं घेताना दुकानदार ज्याचं वजन करतो तीही मोडच. राणीच्या काळातला तांब्याचा पाव आणा शंभर ग्रेनांचा, म्हणजे जवळपास साडेसहा ग्रॅम. रुपया एकशे ऐंशी ग्रेनांचा, बरोब्बर एक तोळा. म्हणून नऊ पैसे तागडीत टाकले की पाच तोळे होत. 1906 च्या कायद्यानंतर हा पैसा कांशाचा झाला आणि वजन पंचाहत्तर ग्रेनांवर आलं. नाणं तेच, नाव तेच, पाव भाग सरकारनं काढून घेतला. तेव्हा जुना जड पैसा हाती आला तर तो खर्चायचा नाही, बाजूला टाकायचा, हे कुणालाही सुचणारच.

अमेरिकेत हेच 1982 साली झालं. तिथला सेंट तोवर पंचाण्णव टक्के तांब्याचा होता, मग जस्ताचा करून वर नुसता तांब्याचा मुलामा दिला. तेव्हापासून तिथले लोक थैल्या आणून वर्षं बघत बसतात, 1982 आधीचे इकडे, नंतरचे तिकडे. 2006 च्या अखेरीस सरकारनं ते वितळवायला बंदी घातली, आणि 2025 च्या नोव्हेंबरात चलनासाठी सेंट पाडणंच थांबवलं. आजीला हे सांगितलं असतं तर तिला नवल वाटलं नसतं.

दुसऱ्या महायुद्धात धातू इतका कमी पडला की इंग्रजांनी 1943 मध्ये पैशाला मधोमध भोक पाडलं. दोन ग्रॅमसुद्धा भरत नाही तो. भोकाचा पैसा पोरांच्या करदोट्यात ओवला गेला, सुताराकडे वायसर म्हणून लागला, आणि त्यामुळेच तो घरोघरी टिकला. निजामानंही दोन पैंना भोक पाडलं. आमच्या डब्यात दोन्ही होते, एकाच दोऱ्यात ओवलेले. आजीच्या वाटणीतला तेवढाच एक गोंधळ.

1948 च्या सप्टेंबरात निजामी संपली. हाली लगेच गेला नाही. 1951 पासून नवा निघणं बंद झालं, पण तो पुरता रद्द व्हायला 1959 उजाडलं. मधेच 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, रुपयाचे शंभर. म्हणजे दोन वर्षं आमच्याकडच्या दुकानदाराच्या गल्ल्यात हाली, कलदार आणि नवा पैसा अशी तीन घराणी एकत्र नांदत होती. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे. पाव पैसा कुणाच्या खिशात जायचा, हे न सांगताही कळतं. नवा पैसासुद्धा आधी कांशाचा होता, इवलासा, दीड ग्रॅमचा. 1962 पासून त्यातलं कांसं गेलं, 1965 ला ॲल्युमिनियम आलं. पूर्णेवरचं येलदरी धरण 1968 साली पुरं झालं तोवर हातातल्या पैशात तांबं उरलंच नव्हतं. यष्टी पुलावर आली की पूर्णामाईला पैसा टाकायची रीत मात्र राहिली. ॲल्युमिनियमचा पैसा पाण्यात पडताना तरंगत, गिरक्या घेत खाली जायचा. तांब्याचा कसा सरळ जायचा, असं म्हातारी माणसं एकमेकांना सांगायची.

अलीकडे गावात जुन्या नाण्यांना पुन्हा भाव आल्याची हवा असते. एकानं मला निजामाचा पैसा दाखवला, त्यावर उर्दू आकड्यांत 1353. "सातशे वर्षांचा आहे, पाच लाख सांगतेत." तो हिजरी सन, म्हणजे 1934-35. आमच्याकडची उर्दू शिकलेली पिढी हयात असती तर चहा संपायच्या आत हा सौदा मिटला असता. याहून वाईट ते रामदरबाराचं नाणं, एका अंगाला राम-सीता आणि दुसऱ्या अंगाला ईस्ट इंडिया कंपनी, सन 1818. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. ते देवस्थानाबाहेर विकायचे बिल्ले आहेत. आणि सगळ्यावर कडी म्हणजे तांदूळ ओढणारं नाणं. वीज पडून त्यात इरिडियम उतरलं, परदेशी अंतराळवाले कोट्यवधी देतात, फक्त तपासणीची फी आधी भरा. तांदळात लोखंडाचा कीस मिसळलेला असतो आणि खाली लोहचुंबक. या नादात शेतं विकलेली माणसं आहेत. डब्यातल्या खऱ्या नाण्यांना नाणेबाजारात मिळतात ते किरकोळ पैसे, कारण ती लाखोंनी पाडलेली आणि लाखोंनी उरलेली. जाणकार संग्राहक एकच गोष्ट कळवळून सांगतात, नाणं घासू नका, वरचा काळसर थर हीच त्याची किंमत.

हे आमच्या घरी कोण ऐकणार? डबा पुढे मोडीत गेला. वजनावर, एकदाच, हाली-कलदार सगळं एका पारड्यात. एक नाणं तेवढं आईनं काढून ठेवलं, कलशात घालायला. कलशात सुपारी आणि पैसा लागतो, आणि पैसा तांब्याचाच हवा, हल्लीचा स्टीलचा तिला चालत नाही. सत्यनारायण असो की घट बसवायचे असोत, आदल्या रात्री ती चिंचेच्या कोळानं ते नाणं घासते. इतकी वर्षं घासून दोन्ही बाजू आरशासारख्या सपाट झाल्यात. परवा मी ते अंगठ्याखाली धरून बराच वेळ फिरवलं. हाली की कलदार, काही लागत नाही.