तलाकनंतर घर कुणाचं, पीएफ कुणाचा?

तलाक झाला की घर आणि पैसा निम्मा-निम्मा होतो, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. भारतात बहुतांश ठिकाणी तसा कायदा नाही. ज्याच्या नावावर मालमत्ता, त्याची. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर तलाकमुळे बायकोचा हिस्सा जात नाही. तिने हप्ते भरले असतील तर बँकेचे कागद जपून ठेवावेत.

मग बाईच्या हाती काय? 1986 च्या मुस्लिम महिला कायद्याचं कलम 3 बघा. मेहरची बाकी रक्कम तिची. लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर माहेरच्यांनी, नवऱ्याने, सासरच्यांनी तिला दिलेल्या वस्तूही तिच्याच, मग ते सोनं सासूच्या कपाटात का असेना! शिवाय नवऱ्याने इद्दतच्या मुदतीत तिच्यासाठी वाजवी तरतूद करायची असते. तीन महिन्यांचा खर्च दिला की सुटलो, असं समजणारे पुष्कळ भेटतात. 2001 च्या दानियल लतीफी खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय, तरतूद इद्दतमध्ये करायची, पण ती इद्दतपुरती नाही. तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार त्यात हवा.

पीएफचा प्रश्न इथेच येतो. नवऱ्याच्या पीएफमध्ये तलाकशुदा बायकोचा ठरलेला वाटा नाही. पण रक्कम ठरवताना मॅजिस्ट्रेट तिची गरज, संसारातलं राहणीमान आणि नवऱ्याची ऐपत बघतात. साठवलेला पैसा ऐपतीतच धरला जावा, असं आम्हाला वाटतं. म्हणून अर्जात त्याचा पगार, पीएफ, एफडी, जेवढं माहीत असेल तेवढं लिहावं. दरमहा पोटगीसाठी सर्वांना लागू असलेल्या कायद्याने जाण्याचा मार्गही खुला आहे. सुप्रीम कोर्टाने जुलै 2024 मध्ये तसं सांगितलंय.

खुला घेताना जास्त सांभाळा. सुटका व्हावी म्हणून मेहर सोडली जाते, ते समजू शकतं. पण त्याच कागदात 'माझं काही येणं नाही' असं एक वाक्य घातलेलं असतं आणि दागिनेही त्यात जातात. घाईत सही नको, आधी वकिलाला दाखवा. मेहरच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, तीही विसरू नका.

पुरुषांनी पीएफचा नॉमिनी वेळेवर बदलावा. जुनं नाव तसंच राहिलं तर मागे राहिलेल्यांत भांडणं होतात. तलाक पूर्ण झाल्यावर बायको वारस राहत नाही. मुलं मात्र आईकडे वाढली तरी बापाची वारस असतातच.