डबा भरणारे हात

संपादक भगिनींनी काटकसर व आरोग्य या विषयावर लिहिण्यास सांगितले, तेव्हा माझ्या मनात पहिल्याने आला तो घरच्या जेवणाचा डबा. पैसा वाचवणारी आणि प्रकृतीही सांभाळणारी इतकी साधी वस्तू आपल्या संसारात क्वचितच सापडेल. मुंबईच्या डब्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. परंतु त्यात डबा वाहणारे दिसतात, भरणाऱ्या फारशा दिसत नाहीत. ती बाजू आज आपल्यापुढे मांडते.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १८५६ साली ताडदेवला पहिली कापडगिरणी चालू झाली. हळूहळू घर एकीकडे आणि काम दुसरीकडे, असा मुंबईचा संसार झाला. कचेरीत वेळेवर पोचायचे तर सकाळी लवकर घर सोडणे आले, आणि चुलीवरचा सगळा स्वयंपाक तेवढ्या वेळात होणे कठीण. त्यातून सोवळेओवळे आणि जातीपातीचे निर्बंध. बाहेरचे अन्न अनेकांना वर्ज्यच होते. या गरजेतून १८९० साली महादेव हावजी बच्चे यांनी घरचा डबा कचेरीत पोचवण्याचा व्यवसाय सुरू केला, असे सांगतात. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील कष्टाळू मंडळी या कामात आली. डब्याच्या झाकणावरच्या खुणा पाहून, डोक्यावर डब्यांनी भरलेली लांब पाटी घेऊन ती लोकलने शहरभर फिरू लागली. १९५६ साली त्यांची संस्था विश्वस्त निधी म्हणून नोंदली गेली.

डबेवाला नऊ-साडेनऊला दाराशी येई आणि थांबायला त्याला वेळ नसे. म्हणजे तोवर पोळी, भाजी, आमटी, भात असे चार पुडांचे जेवण तयार हवे. पाणी पहाटेच भरून ठेवायचे, रॉकेलचा स्टोव्ह पेटवायचा, मुलांच्या शाळा सांभाळायच्या. डबा पितळी असे. कल्हई उडाली की आमटी कळकायची. म्हणून कल्हईवाल्याची हाळी ऐकली की गृहिणी घाईने डबे बाहेर काढीत. पुढे ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टील आले आणि ती काळजी मिटली. पण पहाटेचे उठणे काही मिटले नाही.

ज्यांचे कुटुंब गावी होते त्यांची सोय कोण करी? कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत दाटीने राहत. त्यांना जेवू घालीत खाणावळवाल्या. दहा-पंधरा माणसांचे दोन वेळचे रांधणे, तेही बहुधा दहा बाय दहाच्या खोलीत! जेवणाचे पैसे पगार झाल्यावर मिळत. तोवर वाण्याचे देणे चढे, आणि नड भागवण्यासाठी सावकाराकडे दागिना गहाण पडे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या स्त्रियांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्या नावावर मिळू लागले आणि सावकाराची मिठी सैल झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली, जेवणारे पांगले, आणि अनेक खाणावळींच्या चुली विझल्या.

भगिनींनो, या हकिकतीत आपल्यासाठी एक धडा आहे. तीच पोळी, तीच भाजी. परक्यासाठी केली की तिला दर लागतो, घरच्यासाठी केली की ती फुकट समजली जाते. आपण डब्याचा हिशेब मांडू. समजा, बाहेरच्या जेवणाला १२० रुपये पडतात आणि घरच्या डब्याला सामान व गॅस धरून ५०. दिवसाला ७० रुपये वाचले, तर महिन्याच्या २४ दिवसांत १,६८० रुपये. बचत खरीच! पण या हिशेबात एक रकाना कोरा राहतो: पहाटे उठून ओट्याशी उभ्या राहिलेल्या बाईची मजुरी. ती पैशात द्या असे मी म्हणत नाही. निदान ती मोजावी.

आरोग्याचेही तसेच आहे. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हॉटेलच्या जेवणात किती मीठ पडले ते आपल्याला कळत नाही, घरी चमचा आपल्या हाती असतो. पण असा चौरस आहार डब्यात घालणारीच मागून उरलेसुरले खाते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या शंभरांतील ५७ भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याची कारणे अनेक आहेत. अपुरे, निकस खाणे हे त्यांतले एक मोठे. चवळी, हरभरा, पालेभाजी आणि सोबत लिंबाची फोड, की अन्नातले लोह अंगी लागण्यास मदत होते. जेवणाबरोबर चहा मात्र टाळावा.

२०२० च्या टाळेबंदीत लोकल सामान्य प्रवाशांना बंद झाली आणि डबेवाल्यांचे काम थांबले. ते पुन्हा सुरू झाले, पण पूर्वीइतके डबे राहिले नाहीत. आज आपल्या लेकीसुना स्वतःच सकाळची लोकल पकडतात. आदल्या रात्रीच भाजी चिरून ठेवतात आणि चार डबे भरून धावत सुटतात.

तेव्हा वर्धापनदिनाच्या निमित्ताने माझी एवढीच सूचना आहे. डब्याची प्रथा सोडू नये, ती लाभाचीच आहे. पण भरणारे हात वाढवावेत. भाजी निवडणे, कणीक मळणे, आपापला डबा घासणे ही कामे घरातील पुरुषांना आणि मुलांनाही यावीत. आणि रोज सकाळी ओट्यावर डब्यांची रांग लागेल, तेव्हा त्यात पहिला डबा स्वतःचा असावा.