वर्तुळाच्या पोटातली माणसं

ओमानची पहिली जनगणना १९९३ सालची. तेव्हा देशात सुमारे २०.२ लाख माणसं होती, २०२०च्या गणनेत ४४.७ लाख. हे दोन आकडे शेजारी-शेजारी वर्तुळांनी दाखवायला बसलं की हात चुकतो तो त्रिज्येपाशी. लोकसंख्या सव्वादोन पटीच्या आसपास गेली म्हणून त्रिज्याही तेवढी वाढवली, तर क्षेत्रफळ पाचपट होऊन बसतं. त्रिज्या वाढवायची ती वर्गमुळाच्या हिशेबानं : १९९३ला २ सेंटिमीटर, तर २०२०ला जेमतेम ३.

हे पथ्य या आकृतीच्या जन्मापासूनचं. विल्यम प्लेफेअर हा स्कॉटिश माणूस. थोरला भाऊ जॉन गणिती, आणि याचा स्वतःचा हात जेम्स वॉटकडे आराखडे काढून बसलेला. १८०१च्या ‘स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी’त त्यानं देशांची वर्तुळं काढली; जेवढा भूप्रदेश, तेवढं क्षेत्रफळ. तुर्की साम्राज्य तीन खंडांत पसरलेलं, म्हणून त्याच्या वर्तुळाचे आशिया, युरोप, आफ्रिका असे तीन रंगीत तुकडे पाडले. शाळेत कोनमापक घेऊन आपण काढतो तो वृत्तालेख इथला.

गृहस्थ तिथंच थांबता तर बरं होतं. वर्तुळाच्या डावीकडे लोकसंख्येची उभी रेघ, उजवीकडे महसुलाची, आणि दोन्हींची टोकं जोडणारी तिरकी तिसरी. तिच्या चढ-उतारावरून करांचा बोजा ओळखावा म्हणे! पण देश मोठा की वर्तुळ रुंद, आणि वर्तुळ रुंद की रेघ आपोआप सपाट. पुढे १८५८मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सुरुवातीच्या आकृत्यांतही लांबी आणि क्षेत्रफळ यांचा घोळ झालाच.

आता पुन्हा ओमानकडे. तिथली २०२०ची गणना दारोदार न फिरता, सरकारी नोंदी जुळवून झाली. १९९३मध्ये परदेशी लोक साडेसव्वीस टक्के होते, २०२०मध्ये सुमारे एकोणचाळीस. कोनमापकावर ९५ अंशांचे १४०. मस्कतला नोकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबं याच तुकड्यात मोजली जातात. नुसता कोन पाहणाऱ्याला ही वाढ दीडपट वाटेल. वर्तुळं मात्र लोकसंख्येच्या प्रमाणात काढली असतील, तर तुकड्याचं क्षेत्रफळ सव्वातीन पट भरतं, आणि माणसंही तेवढीच वाढली आहेत : ५.३५ लाखांची १७.४ लाख. दोन्ही वर्तुळं एकाच मापाची छापली की हे गडप होतं. ओमानी नागरिकांचा तुकडा तर २६५ अंशांवरून २२०वर येतो, आटल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात ते १४.८ लाखांचे २७.३ लाख झाले.